ड्रमसेट वादनाच्या श्रेणी परीक्षा आणि साथीचे मूल्यमापन : पेण-रोहा परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश

ड्रमसेट या वाद्याच्या श्रेणी परीक्षा भारतात प्रामुख्याने ट्रिनिटी कॉलेज लंडन व रॉकस्कूल या ब्रिटिश परीक्षा मंडळांच्या अभ्यासक्रमांनुसार दिल्या जातात. प्रस्तुत लेखात या परीक्षांची रचना, गुणविभागणी व त्यामागील संगीतविषयक गृहीते यांची चिकित्सा केली असून, त्यांची तुलना अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या तबला परीक्षांशी केली आहे. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या दोन तालुक्यांच्या गावांतील तालवाद्यांची परंपरा हा या चिकित्सेचा संदर्भ आहे. तालवाद्याचे मूळ कार्य साथ हे आहे. परंतु दोन्ही परीक्षापद्धतींत साथीचे मूल्यमापन गौण राहते, असे लेखाचे प्रतिपादन आहे. ही उणीव अंशतः भरून काढण्याचा मार्ग ड्रमसेटच्या अभ्यासक्रमातच, स्वनिवडीच्या गीताच्या तरतुदीत उपलब्ध आहे, हे शेवटी दाखविले आहे.

बीजशब्द : ड्रमसेट, श्रेणी परीक्षा, तबला, साथसंगत, खालूबाजा, कोळीगीत, पेण, रोहा.

१. प्रस्तावना

पेण हे गाव गणेशमूर्तींसाठी महाराष्ट्रभर ओळखले जाते. रोहा हे कुंडलिकेच्या काठचे गाव ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीसाठी व या पालखीला दिल्या जाणाऱ्या पोलीस मानवंदनेसाठी प्रसिद्ध आहे. दोन्ही गावे पनवेल-रोहा लोहमार्गावर असून, कोकण रेल्वेचा प्रारंभ रोह्यापासूनच होतो. मुंबईचे सान्निध्य आणि कोकणचे गावपण या दोहोंचा मेळ या पट्ट्यात आढळतो. येथील श्रवणसंस्कृतीही अशीच दुहेरी आहे. पालखीपुढे वाजणारा खालूबाजा, वारकरी भजनातील मृदंग, बाल्या नाचाची ढोलकी, गणेशोत्सवातील ढोल-ताशा व बँजो पार्टी, आगरी-कोळी लग्नांतील ब्रास बँड आणि हळदीच्या रात्रीचा ऑर्केस्ट्रा, असे तालाचे अनेक थर येथे एकाच वर्षात, कित्येकदा एकाच आळीत, ऐकू येतात.

अशा परिसरातील मुलाला किंवा मुलीला ड्रमसेट शिकावासा वाटला, तर आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. प्रश्न पुढे येतो तो शिक्षणाचे मोजमाप कशाने करावयाचे, हा. तबला शिकणाऱ्यासमोर प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतची परिचित वाट आहे. ड्रमसेट शिकणाऱ्यासमोर मात्र इंग्रजीतून छापलेली, पाश्चात्त्य स्वरलेखनावर आधारलेली आणि दूरच्या देशात आखलेली श्रेणींची शिडी असते. ही शिडी त्याला कोठे नेते आणि तिच्या पायऱ्या कशाच्या बनलेल्या आहेत, याचा विचार मराठीत फारसा झालेला नाही. तो करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

२. परीक्षेची दोन कुळे

संगीताची परीक्षा ही कल्पना भारतीयांना अगदीच परकी राहिलेली नाही. लंडनमधील ट्रिनिटी कॉलेजची स्थापना १८७२ साली झाली आणि १८७७ पासून त्या संस्थेने बाहेरील विद्यार्थ्यांसाठी संगीताच्या परीक्षा सुरू केल्या. ज्या १८७२ साली ही संस्था निघाली, त्याच वर्षी कुरुंदवाड येथे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म झाला. पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. घराण्याच्या बंद दारामागील विद्या अभ्यासक्रम, छापील पुस्तक, स्वरलेखन व परीक्षा यांच्या साहाय्याने सामान्य गृहस्थाच्या मुलामुलींपर्यंत पोहोचविणे, हे त्यांचे ध्येय होते. १९३१ साली त्यांच्या निधनानंतर त्यांच्या शिष्यांनी मंडळाची स्थापना केली आणि पुढे या मंडळाच्या परीक्षा तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचल्या.

ड्रमसेटच्या परीक्षांचे कूळ याहून अलीकडचे आहे. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या परीक्षापद्धतीत तालवाद्यांना स्थान होते, परंतु रॉक व पॉप संगीताला दीर्घकाळ प्रतिष्ठा नव्हती. ही पोकळी भरून काढण्यासाठी १९९१ साली रॉकस्कूल ही संस्था निघाली. ट्रिनिटीने आपली रॉक व पॉप परीक्षामाला २०१२ साली सुरू केली. ब्रिटनमधील दुसरे जुने मंडळ एबीआरएसएम हे तालवाद्यांच्या परीक्षा घेते, पण त्यांत ड्रमसेटचा समावेश नाही. ही बाब बोलकी आहे. ज्या वाद्याशिवाय विसाव्या शतकातील लोकप्रिय संगीताची कल्पना करता येत नाही, त्याला परीक्षेच्या दालनात प्रवेश मिळण्यास त्या वाद्याच्या मायभूमीबाहेरच्या देशातही बराच काळ जावा लागला.

दोन्ही शिड्यांच्या पायऱ्या मोजल्या असता त्या नऊच भरतात. ट्रिनिटीच्या परीक्षांत प्रारंभिक पायरी व त्यापुढे १ ते ८ श्रेणी आहेत. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांत प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद व अलंकार असा क्रम असून, प्रारंभिक वगळता प्रत्येकीचे प्रथम व पूर्ण असे दोन भाग आहेत. या संख्यासाम्यावरून दोहोंची बरोबरी ठरविता येणार नाही. आठवी श्रेणी ही व्यावसायिक शिक्षणाच्या उंबरठ्यावरची पातळी मानली जाते, तर अलंकार ही पदव्युत्तर दर्जाची परीक्षा समजली जाते. परंतु विद्येचे लहान, मोजता येण्याजोगे तुकडे पाडून ते क्रमाने रचणे, ही वृत्ती दोहोंत समान आहे.

३. ड्रमसेटची घडण

परीक्षा काय मोजते हे समजण्यासाठी वाद्य स्वतः काय आहे, हे आधी पाहिले पाहिजे. ड्रमसेट हे मुळात एक वाद्य नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्ससारख्या शहरांत मिरवणुकीच्या बँडमध्ये मोठा ढोल एक जण, स्नेअर दुसरा आणि झांज तिसरा वाजवीत असे. हा बँड रस्त्यावरून नृत्यगृहात आला, तेव्हा जागा व पैसा दोन्ही कमी पडू लागले. तिघांचे काम एकाने करावे, अशी गरज निर्माण झाली. १९०९ च्या सुमारास लुडविग यांचे पायाने चालणारे पेडल बाजारात आले आणि मोठा ढोल पायाच्या स्वाधीन झाला. पुढे पायानेच मिटणारी झांजांची जोडी, म्हणजे हाय-हॅट, आली. अशा रीतीने मिरवणुकीतील अनेक वादक एका आसनावर बसले.

ही हकीकत पेण-रोह्याच्या वाचकाला अपरिचित वाटू नये. सनई, ढोल व टिमकी यांच्या मेळातून उभा राहणारा खालूबाजा, किंवा ढोल, ताशा व झांज यांचे पथक, यांतील कामाची वाटणी याच स्वरूपाची आहे. ढोल समेचा ठोका धरतो, ताशा अथवा टिमकी त्या ठोक्यांमधील जागा बारीक बोलांनी भरते आणि झांज चालीची कड स्पष्ट करते. बेस ड्रम, स्नेअर व हाय-हॅट यांच्यातील संबंध नेमका हाच आहे. फरक इतकाच की, येथे तीन माणसांना परस्परांचे ऐकावे लागते आणि तेथे एका माणसाच्या चार अवयवांना.

ड्रमसेटच्या शिक्षणातील मध्यवर्ती कौशल्य यातूनच उद्भवते. दोन हात व दोन पाय यांनी एकाच वेळी वेगवेगळे काम करणे, आणि तरीही त्यांतून एकच चाल ऐकू येणे, म्हणजे अवयवांचे स्वातंत्र्य व मेळ. श्रेणी परीक्षांचे खरे बळ येथे आहे. पहिल्या पायरीवरील साध्या आठ ठोक्यांच्या चालीपासून आठव्या श्रेणीतील गुंतागुंतीच्या रचनांपर्यंत हे कौशल्य टप्प्याटप्प्याने वाढत जाईल, अशी योजना त्यांत दिसते. हाताच्या तयारीसाठी मूलभूत घासांची शिस्तही त्यांत आहे. या घासांना ड्रमवादक रुडिमेंट म्हणतात. त्यांचे मूळ लष्करी ढोलवादनात असून, अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने १९३३ पासून २६ रुडिमेंट प्रमाण मानले आणि १९८४ साली ही यादी ४० पर्यंत विस्तारली. तबल्यातील मूळ बोल व त्यांचे विस्तार यांच्याशी या यादीचे नाते जोडून दाखविणे कठीण नाही.

४. गुणविभागणीतून दिसणारी मूल्ये

कोणत्याही परीक्षेचे खरे मत तिच्या प्रस्तावनेपेक्षा गुणांच्या वाटपात वाचावयास मिळते. ट्रिनिटीच्या रॉक व पॉप परीक्षेत, परीक्षकासमोर दिल्या जाणाऱ्या प्रकारात, तीन गीते व एक कौशल्य चाचणी असते. पहिल्या दोन गीतांना प्रत्येकी २५, तंत्रावर भर देणाऱ्या तिसऱ्या गीताला ३० आणि चाचणीला २० असे १०० गुण आहेत. रॉकस्कूलच्या श्रेणी परीक्षेत तीन रचनांना मिळून ६०, तांत्रिक अभ्यासाला १५, आणि उरलेले २५ गुण पूर्वतयारीविना वाचन अथवा उत्स्फूर्त वादन, कर्णपरीक्षा व सामान्य संगीतज्ञान यांना आहेत. दोन्हीकडे उत्तीर्ण होण्यासाठी ६० गुण लागतात.

या वाटपात एक गोष्ट प्रशंसनीय आहे. शास्त्राची घोकंपट्टी येथे जवळजवळ नाही. विद्यार्थ्याने वाजविले पाहिजे, आणि पूर्ण गीत वाजविले पाहिजे, हा आग्रह स्पष्ट आहे. तबल्याच्या वरच्या परीक्षांत लेखी उत्तरपत्रिकेत घराण्यांची वैशिष्ट्ये आणि वादकांची चरित्रे लिहून गुण मिळविता येतात. व्याख्या पाठ आहे पण ठेका डळमळतो, अशा विद्यार्थ्यांविषयी जाणकार शिक्षक नेहमी तक्रार करीत आले आहेत. ड्रमसेटच्या परीक्षेत या पळवाटेला फारशी जागा नाही.

दुसरीही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तबल्याच्या परीक्षेचा मुख्य भर एकल वादनावर असतो. पेशकार, कायदा, रेला, तुकडा, चक्रदार हे सारे नगम्याच्या आधाराने मांडावयाचे असते. तेथे पेटी तबल्याची साथ करते. वास्तविक तबलावादकाच्या आयुष्यातील बहुतेक तास गायनाच्या, भजनाच्या किंवा नृत्याच्या साथीत जातात. ड्रमसेटच्या परीक्षेत उलट स्थिती आहे. उमेदवार तेथे गीताच्या मागे बसतो. गीताची मांडणी ओळखणे, कडवे व ध्रुवपद यांतील फरक ठोक्यांतून दाखविणे, भराव नेमक्या जागी टाकणे व पुन्हा चालीवर परतणे, यांसाठी त्याला गुण असतात. या दृष्टीने पाहता ड्रमसेटची विदेशी परीक्षा साथीच्या तत्त्वाला तबल्याच्या देशी परीक्षेपेक्षा अधिक जवळ आहे, असे म्हणावे लागते. मात्र हे जवळ येणे अर्ध्या वाटेवर थांबते. त्याचे कारण पुढील भागात पाहू.

५. न ऐकणारा सोबती

परीक्षेत उमेदवार ज्या गीताची साथ करतो, ते प्रायः ध्वनिमुद्रित असते. त्यातून ड्रमसेटचा भाग वगळलेला असतो आणि उरलेल्या गिटार, बेस व कीबोर्डच्या ध्वनीवर उमेदवाराने आपला भाग वाजवावयाचा असतो. ही सोय समजण्यासारखी आहे. प्रत्येक केंद्रावर जिवंत वाद्यवृंद उभा करणे अशक्य, आणि सर्व उमेदवारांना समान कसोटी लावणे आवश्यक. स्थिर लयीची शिस्तही यातून लागते. आजच्या ध्वनिमुद्रणात व मोठ्या मंचावरही वादकाला कानातील ठोक्यावर वाजवावे लागते. त्यामुळे ही शिस्त निरुपयोगी आहे, असे कोणी म्हणणार नाही.

तथापि ध्वनिमुद्रित साथीदार ऐकत नाही. उमेदवार पुढे धावला तर तो मागे खेचत नाही, मागे पडला तर थांबत नाही. गायक एखादे ध्रुवपद पुन्हा घेईल, सनईवाला स्वर लांबवील, पालखी नाचविणाऱ्यांच्या पायांनी लय चढेल, असे काही तेथे घडत नाही. कोळीगीतांच्या सहा मात्रांच्या चालीत लय हळूहळू चढविणे हे रंगाचे अंग आहे. पालखीच्या वादनात तर चढती लय हाच प्राण असतो. ही चढण किती असावी, कोठे थांबावी व नाचणाऱ्यांचा दम केव्हा ओळखावा, हे ज्ञान टिमकी वाजविणाऱ्याला अनेक वर्षांच्या सोबतीतून येते. श्रेणी परीक्षेच्या भाषेत बोलावयाचे तर लय चढणे हा दोष ठरतो आणि त्याचे गुण कापले जातात.

येथे दोन मूल्यव्यवस्थांचा खरा विरोध आहे. एकीत लय ही बाहेर ठरलेली आणि पाळावयाची गोष्ट आहे. दुसरीत लय ही माणसांच्या दरम्यान घडणारी आणि सांभाळावयाची गोष्ट आहे. मराठी संगीतव्यवहारात लय पाळणे व लय सांभाळणे यांत जाणकार फरक करतात, तो याच अर्थाने. परीक्षा पहिलीचे प्रमाणपत्र देते. दुसरीविषयी ती मौन बाळगते; आणि जे परीक्षेत नाही ते विद्येतही नाही, असा समज विद्यार्थ्याच्या व पालकाच्या मनात नकळत रुजतो.

कौशल्य चाचणीत याला थोडी वाट होती. ट्रिनिटीच्या चाचणीत ऐकलेले परत वाजविणे किंवा दिलेल्या साथीवर उत्स्फूर्त वाजविणे यांपैकी एक निवडता येते. म्हणजे ऐकून प्रतिसाद देण्याची किमान अट तेथे आहे. पण २०२० साली करोनाच्या काळात दोन्ही मंडळांनी चित्रफितीद्वारे द्यावयाच्या परीक्षांची सोय केली आणि महानगरांपासून दूर असलेल्या विद्यार्थ्यांना तिचा मोठा आधार वाटणे स्वाभाविक आहे. रोह्याच्या विद्यार्थ्याला परीक्षेसाठी मुंबई गाठावी लागू नये, ही निश्चितच चांगली गोष्ट होय. परंतु आगाऊ मुद्रित केलेल्या चित्रफितीत परीक्षकाने त्या क्षणी काही वाजवून दाखवावे व उमेदवाराने त्याला उत्तर द्यावे, हे शक्य नसते. अंतर मिटविणारी सोय ऐकण्याची कसोटीच पातळ करते, हा त्यातील विरोधाभास आहे. ज्या विद्यार्थ्याला केंद्र दूर पडते, त्याच्याच वाट्याला तो अधिक येतो.

६. खूण आणि बोल

भाषेचा प्रश्नही दुर्लक्षिता येत नाही. येथे भाषा म्हणजे केवळ सूचनापुस्तिकेची इंग्रजी नव्हे. पाश्चात्त्य लेखनपद्धतीत ड्रमसेटचा प्रत्येक भाग पाच रेघांवर एका ठरावीक जागी लिहिला जातो. बेस ड्रम खाली, स्नेअर मध्ये, झांजा वर फुलीच्या खुणेने. हे लेखन नेमके व जगभर वाचता येणारे आहे आणि ते शिकणे विद्यार्थ्याच्या हिताचेच आहे. मात्र त्यात तोंडाला काम नाही.

भारतीय तालविद्या तोंडातून हातात उतरते. बोल आधी म्हणावयाचा, टाळी-खाली हाताने दाखवावयाची आणि मग वाजवावयाचा, ही पढंतची रीत आहे. तबल्याच्या परीक्षेत अगदी पहिल्या पायरीपासून तिला स्थान आहे. भजनी मंडळात बसलेल्या लहान मुलालाही ती अंगवळणी पडलेली असते. पेण किंवा रोह्याचा विद्यार्थी ड्रमसेटकडे येतो, तेव्हा ही शिदोरी त्याच्याजवळ असते. परंतु परीक्षेच्या तयारीत तिचा उपयोग करावा, असे त्याला सुचविले जात नाही.

उदाहरणादाखल पॅराडिडल हा रुडिमेंट घेता येईल. त्यातील हातांचा क्रम ‘उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा’ असा आहे. हाच क्रम ‘उ डा उ उ, डा उ डा डा’ असा मात्रेच्या टाळीवर म्हटला, तर आठ अक्षरांचा एक सुबक बोल तयार होतो. तो दुगुणीत व चौगुणीत म्हणता येतो, त्याची तिहाई बांधता येते. अशा रीतीने शिकलेल्या विद्यार्थ्याला कागदावरील खुणा पुढे समजावून घेणे सोपे जाईल. अभ्यासक्रमाने यास मनाई केलेली नाही. ही त्रुटी परीक्षेपेक्षा अध्यापनाची आहे; पण परीक्षा जे विचारीत नाही ते शिक्षकही शिकवीत नाही, या नियमाने ती परीक्षेकडे परत येते.

७. प्रमाणपत्राचे मोल

परीक्षेची चिकित्सा करताना तिच्या सामाजिक बाजूकडे पाठ फिरविणे अन्यायाचे होईल. मिरवणुकीतील वादन हे दीर्घकाळ पुरुषांचे व बहुधा विशिष्ट कुटुंबांचे वा वस्त्यांचे क्षेत्र राहिले. त्यात प्रवेश ओळखीने मिळतो, परीक्षेने नव्हे. याउलट श्रेणी परीक्षेचा अर्ज कोणालाही भरता येतो. घरात मोठा आवाज करणारे वाद्य शिकू इच्छिणाऱ्या मुलीला ‘परीक्षा आहे’ हे कारण पुढे करता येते आणि मराठी मध्यमवर्गीय घरात या कारणाइतके वजनदार कारण दुसरे नाही. पलुस्करांनी स्त्रियांना व सामान्य गृहस्थांना संगीताचे दार उघडण्यासाठी परीक्षेचाच उपयोग केला होता, हे येथे आठवते.

परंतु प्रमाणपत्राचे मोल ते जेथे वटते तेथल्या व्यवस्थेवर अवलंबून असते. ब्रिटनमध्ये सहाव्या ते आठव्या श्रेणीला विद्यापीठ प्रवेशासाठी गुण मिळतात. महाराष्ट्रात गेल्या दशकात दहावीच्या विद्यार्थ्यांना कलांसाठी वाढीव गुण देण्याची योजना लागू झाली. तिची रचना शास्त्रीय कला व लोककला अशा कोटींवर आधारलेली आहे. शास्त्रीय संगीतात उत्तीर्ण केलेल्या परीक्षा मोजल्या जातात आणि लोककलेत सादर केलेले प्रयोग. ही विभागणी विचार करण्याजोगी आहे. शासनाच्या लेखी शास्त्रीय विद्या परीक्षेने सिद्ध होते आणि लोकविद्या प्रत्यक्ष वाजविण्याने. ड्रमसेट या दोहोंपैकी कोणत्याच कोटीत सरळ बसत नाही. त्याची परीक्षा आहे, पण ते आपल्या अर्थाने शास्त्रीय नाही. ते लोकांत वाजते, पण लोककला म्हणून त्याची नोंद नाही.

व्यवहारातही ही दरी दिसते. हळदीच्या व गणेशोत्सवाच्या मंचावर ड्रमसेटपेक्षा ऑक्टोपॅड अधिक आढळतो. १९८० च्या दशकाच्या मध्यात आलेले हे विद्युत वाद्य दोन काठ्यांनी वाजविले जाते, थोड्या जागेत मावते आणि ढोलकीपासून ताशापर्यंतचे आवाज देते. म्हणजे विद्यार्थी परीक्षा देतो एका वाद्याची आणि मिळकतीची शक्यता असते दुसऱ्यावर. ऑक्टोपॅडवर कोळीगीत उभे करणाऱ्या वादकाजवळ श्रेणी नसते. श्रेणी असलेल्याला ते गीत उभे करता येईलच, याची खात्री नसते. दोघांपैकी शिकलेला कोण, हा प्रश्न परीक्षापद्धतीला विचारला पाहिजे. त्याचे उत्तर देण्याची तिची तयारी नसेल, तर तिने आपला दावा तरी मर्यादित ठेवला पाहिजे.

८. स्वनिवडीच्या गीताची वाट

येथवरच्या विवेचनावरून या परीक्षा टाकाऊ आहेत असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. उलट, त्यांच्या रचनेतच एक खिडकी उघडी आहे. ट्रिनिटीच्या परीक्षेत तीनपैकी एक गीत यादीबाहेरचे, उमेदवाराने स्वतः निवडलेले किंवा स्वतः रचलेले असू शकते. रॉकस्कूलच्या नियमांतही स्वनिवडीच्या रचनेला मुभा आहे. अट इतकीच की, गीताची काठिण्यपातळी त्या श्रेणीला साजेशी असावी आणि त्याची लिखित प्रत परीक्षकाला द्यावी. गीत इंग्रजीच असावे, असा या तरतुदीचा आशय नाही.

या तरतुदीचा उपयोग करून पेणचा विद्यार्थी कोळीगीताची सहा मात्रांची चाल, आणि रोह्याचा विद्यार्थी पालखीच्या वादनाची चाल ड्रमसेटवर मांडू शकेल. हे काम दिसते तितके सोपे नाही. ढोल, टिमकी व झांज यांचे काम बेस ड्रम, स्नेअर व हाय-हॅट यांच्याकडे कसे सोपवावयाचे, हे ठरवावे लागेल. त्यासाठी जाणत्या वादकाजवळ बसून त्याच्या हाताकडे पाहावे लागेल, त्याचे बोल तोंडपाठ करावे लागतील आणि मग ते पाच रेघांवर उतरवावे लागतील. साथीचा मुद्रित भाग गावातल्याच पेटी, बँजो किंवा सनई वाजविणाऱ्याकडून करून घ्यावा लागेल. त्या मुद्रणात लय चढती ठेवली, तर चढती लय हाच त्या गीताचा स्वभाव आहे, हे परीक्षकाला लिखित प्रतीत नोंदवून दाखविता येईल. मग लय चढणे हा दोष न राहता रचनेचा भाग होईल.

या प्रक्रियेत विद्यार्थी नकळत त्या सर्व गोष्टी शिकेल, ज्या परीक्षा विचारीत नाही. म्हणजे दुसऱ्याचे ऐकणे, जाणत्याकडे जाणे, बोल आणि खूण यांची सांगड घालणे. शिवाय ज्याचे वादन आजवर कागदावर आले नाही, त्या टिमकीवाल्याच्या विद्येची नोंदही होईल. ही नोंद घेताना त्याचे नाव रचनेवर असावे, एवढा प्रामाणिकपणा मात्र शिक्षकाने व विद्यार्थ्याने पाळला पाहिजे. अन्यथा प्रमाणपत्र एकाचे आणि विद्या दुसऱ्याची, हा जुनाच अन्याय नव्या कागदावर उतरेल.

९. निष्कर्ष

ड्रमसेटच्या श्रेणी परीक्षा अवयवांचा मेळ, हाताची तयारी, स्थिर लय व गीताच्या मांडणीची जाण यांचे चोख मोजमाप करतात. पूर्ण गीत वाजविण्याचा त्यांचा आग्रह तबल्याच्या परीक्षांनीही विचारात घ्यावा असा आहे. जात, कुटुंब व ओळख यांच्याबाहेर तालवाद्याचे दार उघडण्याचे काम त्या करू शकतात. मात्र ध्वनिमुद्रित सोबत्यामुळे साथीचा गाभा, म्हणजे दुसऱ्या माणसाची लय ऐकून आपली लय सांभाळणे, त्यांच्या कक्षेबाहेर राहतो. दूरच्या विद्यार्थ्यासाठी केलेली चित्रफितीची सोय ही उणीव वाढविते. तबल्याच्या देशी परीक्षाही एकल वादनाच्या ओढीने याच ठिकाणी उण्या पडतात. म्हणून हा प्रश्न देशी-विदेशीचा नसून, तालवाद्याकडे पाहण्याच्या दृष्टीचा आहे.

स्वनिवडीच्या गीताची तरतूद ही या उणिवेवरील आज उपलब्ध असलेली वाट आहे. तिचा उपयोग करणे मंडळाच्या नव्हे, तर शिक्षक, विद्यार्थी व पालक यांच्या हाती आहे. पेण-रोह्याच्या विद्यार्थ्याने आठवी श्रेणी जरूर मिळवावी. पण पालखी दारात आली असता खालूबाजाच्या मेळात काठी हाती घेऊन चार आवर्तने लय सांभाळणे हीही एक परीक्षा आहे. तिचे गुण नाचणाऱ्यांच्या पायांत दिसतात, आणि तेथे अनुत्तीर्ण झालेल्याला कोणतेही प्रमाणपत्र तारू शकत नाही.